सात नंबरची चिंधी

त्या माणसाला फक्त आवाज ऐकायचा होता.

"मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा जी करकर होते ना ताई, तेवढीच ऐकवा," तो फोनवर म्हणाला. "घ्यायचं की नाही ते मग बघू."

मी साबणाचे हात पुसले, जिना उतरून खालच्या खोलीत गेले, एक मशीन लावलं आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला. करकर झाली, मग एक बारीकशी टिंग झाली. पलीकडून काहीच येईना. मला वाटलं फोन कटला. तेवढ्यात नाक ओढल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "पुन्हा एकदा."

चार वेळा ऐकवली. पाचव्यांदा "कळवतो" म्हणाला आणि फोन ठेवला. मंगळवारची सकाळ त्यात गेली. वर भांडी तशीच.

सकाळी देवापुढून उठताना मी एक नेम घेते, त्या दिवसापुरता. मोठं काही नसतं त्यात. त्या मंगळवारी ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. नाही चढवला. भांडी मात्र जरा जोरात आपटली.

घाई मला होती, कारण सासूबाई शुक्रवारी घरी येणार होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तीन महिने जिन्याचं नाव काढायचं नाही. आमचं घर वरच्या मजल्यावर. खाली एकच खोली. ती संडास-बाथरूमला लागून, म्हणजे अगदी हवी तशी. फक्त तिच्यात पलंग मावेल एवढीही जागा नव्हती. तिथे अकरा जुने कॉम्प्युटर होते. अकरा मॉनिटर, काचेचे, पोट सुटलेले, एकेक उचलायचा तर कंबर आठवावी. अकरा सीपीयू. अकरा कीबोर्ड, टेलिफोनसारख्या पिळाच्या वायरीचे. शिवाय खोकी आणि फ्लॉपीचे डबे.

खोली मुळात सासूबाईंचीच. त्यांनी तिथे बावीस वर्षं लाँड्री चालवली. मग यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं. शेजारच्या गल्लीतला कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तेव्हा त्यांची सगळी मशीनं हे घेऊन आले. "सुटे भाग म्हणून उपयोगी पडतील," म्हणाले होते. एकही स्क्रू कधी काढला नाही. दुकान बंद झालं, तरी दर महिन्याला एकदा खाली जाऊन अकराच्या अकरा चालू करून बघायचे. मूल नाही आम्हाला. म्हणून मी कधी त्यावर बोलले नाही.

आता मात्र बोलले. यांनी निमूटपणे फोटो काढले आणि जुन्या मशीनांच्या शौकिनांच्या एका ग्रुपवर जाहिरात टाकली. तेव्हापासून फोनला उसंत नव्हती. कुणी विचारी, पिवळेपणा मूळचा आहे की उन्हाने आलाय. कुणाला मागच्या स्क्रूंचे जवळून फोटो हवे होते. एकाने विचारलं, वास कसा येतो? मी म्हटलं, धुळीचा. तो खूश झाला. विकत कुणीच घेईना.

मंगळवारी संध्याकाळी मात्र खरा फोन आला. हे दवाखान्यात आईपाशी होते, मीच घेतला.

"ही मशीनं त्या क्लासची आहेत का? पाठीवर तेलरंगाने आकडे आहेत, एक ते अकरा?"

"आहेत," मी म्हटलं.

"आम्ही त्या क्लासची पहिली बॅच. अकरा जण. आम्हाला अकराही पाहिजेत, ज्याचं त्याला. जो ज्या मशीनवर शिकला त्याने ते घ्यायचं."

माझ्या तोंडून "देव पावला" निघून गेलं. तो हसला. म्हणाला, "उद्या अकराला येतो."

बुधवारी ते तिघे आले. ज्याने फोन केला होता तो एवढा उंच की दारातून वाकून आत आला. मनातल्या मनात मी त्याला लंबू म्हणायला लागले. दुसरे दातांचे डॉक्टर, गोल, सतत रुमालाने कपाळ पुसणारे. तिसरी शाळेत गणित शिकवणारी बाई, मोजकं बोलणारी. उरलेले आठ जण फोनच्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत बसले होते आणि सगळे एकदम बोलत होते.

हे त्यांना घेऊन आत गेले आणि उंबऱ्यातच थांबले.

"हे कुणी लावलं?"

"मी," मी म्हटलं. "सोमवारी."

मला त्याचा अभिमान वाटत होता. हे दवाखान्यात असताना मी अख्खा दिवस घालून ती खोली आवरली होती. आधी प्रत्येक मशीनवर त्याचा कीबोर्ड, त्यावर वायरींचं भेंडोळं, असा पसारा होता. मी स्वयंपाकघरात लावते तसं लावलं. ताटं ताटांपाशी, झाकणं झाकणांपाशी. सगळे मॉनिटर एका भिंतीला, सीपीयू दुसऱ्या, कीबोर्ड एकावर एक उभे रचून कोपऱ्यात. निदान चालायला वाट मोकळी झाली होती.

"अगं, कीबोर्डवर नंबर नाहीत," हे हळू आवाजात म्हणाले. "मॉनिटरवर आहेत, सीपीयूवर आहेत. कीबोर्डवर नाहीत. आता कुठला कुणाचा?"

"सगळे सारखेच तर आहेत."

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाबद्दल काही वाईट बोलले होते.

"आईच्या चिंध्या होत्या ना बांधलेल्या," हे म्हणाले. "प्रत्येक सीपीयूच्या मागच्या जाळीला एक आणि तशीच कीबोर्डच्या वायरीला एक."

होत्या. काळ्या पडलेल्या, तेलकट, लोंबणाऱ्या. गाठी इतक्या घट्ट की सुटेनात, म्हणून कात्रीने कापून टाकल्या होत्या. मला वाटलं, कधीकाळी पुसायला घेतलेलं फडकं कुणीतरी तिथेच बांधून ठेवलंय.

"कचऱ्यात गेल्या," मी म्हटलं.

हे खुर्चीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "आपापला कीबोर्ड आपल्याला ओळखू येईलच. बोटांना आठवतं."

बोटांना काय आठवतं ते पुढच्या दीड तासात कळलं. त्या ढिगात एका कीबोर्डच्या एंटरच्या बटणाचा कोपरा उडालेला होता. तो दिसताक्षणी लंबूने उचलून छातीशी धरला.

"हा माझा. सात नंबर. हा कोपरा मी तोडलाय. परीक्षेच्या दिवशी प्रोग्रॅम चालेना, तेव्हा मूठ मारली होती. तीस वर्षं झाली, मी ही गोष्ट सांगत आलोय."

"मूठ मी मारली होती," डॉक्टर म्हणाले. "तू रडत होतास."

"मी कधीच रडलो नाही."

"तू सांग गं, हा रडला होता की नाही?"

"मला त्यात पाडू नका," गणिताची बाई म्हणाली. पण तिचीही नजर त्याच कीबोर्डवर होती.

फोनमधून एक चौकोन ओरडला, "अरे, तो माझा आहे, अकरा नंबरचा. माझ्या एंटरचा कोपरा आधीपासूनच नव्हता."

एका कोपऱ्याला चार मालक. बाकीचे दहा कीबोर्ड धडधाकट, तर त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघेना. मी चहा आणला, तो तसाच थंड झाला. पन्नाशीची माणसं, एकाला कवळी बसवता येते, एकीला वर्ग सांभाळता येतो, आणि भांडण कशावरून, तर तुटक्या बटणावरून. त्या दिवशीचा माझा नेम होता की कुणाचं उणं काढायचं नाही. तोंडाने काढलं नाही. मनाचा हिशेब देवाकडे.

शेवटी लंबू म्हणाला, "असं नको. पूर्ण संच असेल तरच घ्यायचं, असं आमचं ठरलंय. दुसऱ्याचा कीबोर्ड घरी नेऊन मी काय करू? आम्ही जरा आपसात बोलतो. पुढच्या महिन्यात कळवतो."

"पुढच्या महिन्यात?" मी म्हटलं. "माझ्या सासूबाई परवा येतायत. त्यांना ही खोली लागणार आहे."

तो खरोखर खजील झाला. म्हणाला, "मी समजू शकतो." आणि वाकून दारातून बाहेर पडला. समजून काय उपयोग, एक मॉनिटर तरी उचलून न्यायचा होता.

ते गेल्यावर हे बराच वेळ कीबोर्ड चाळत बसले. मग म्हणाले, "एक सांगू? कुठलाही कुठल्याही मशीनला जोडून ठेवू. उद्या त्यांना फोन करून सांगू, मला आठवलं म्हणून. माझा शब्द ते खरा मानतील. त्यांनाही समाधान, आपलीही खोली मोकळी."

"आणि तुम्हाला आठवलंय का?"

"नाही."

"मग नको."

"अगं, कुणाचं काय बिघडतंय त्यात?"

"तो उंच माणूस म्हातारा होईपर्यंत त्या कीबोर्डवर हात फिरवत बसणार," मी म्हटलं. "आणि तो त्याचा नसणार. ते आपल्याला ठाऊक असणार. मला नाही जमायचं."

हे उठले. दारातून मागे न बघता म्हणाले, "कापताना जमलं."

मी थंड झालेले चहाचे कप उचलले.

गुरुवारी मी भंगारवाल्याला बोलावलं. यांना न विचारता बोलावलं, हे लिहायला हवं. तो आला, एका मॉनिटरवर टिचकी मारली, सीपीयू हलवून बघितला.

"ही काच, हे पिवळं प्लॅस्टिक कुणी घेत नाही ताई. काचेत शिसं असतं, उचलायचेच पैसे द्यावे लागतात. पंखा आहे का घरात? जुना मिक्सर?"

"नाही."

"मग उगाच बोलावलंत," तो म्हणाला आणि गेला. जो जगात कशालाच नाही म्हणत नाही, तो भंगारवालासुद्धा नाही म्हणाला. मी मॉनिटरच्या रांगेसमोर उभी राहिले. अकराही पडद्यांत माझंच तोंड दिसत होतं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सासूबाई आल्या. आम्ही सगळं रेटून, रचून, मॉनिटरवर मॉनिटर चढवून कशीबशी पलंगाची जागा केली होती. डोक्याशी सीपीयूची भिंत, पायाशी मॉनिटरची, आणि मध्ये त्या. दवाखान्याच्या दोन माणसांनी त्यांना स्ट्रेचरवरून पलंगावर ठेवलं. एकाचं कोपर डब्यांना लागलं आणि फ्लॉप्या खाली सांडल्या.

"दुकान पुन्हा सुरू केलंत की काय?" सासूबाई म्हणाल्या.

हसायला कुणी तयार नव्हतं. मी त्यांच्या पाठीशी उशी लावली. त्यांनी मान वळवून डोक्याजवळच्या मशीनकडे पाहिलं, मग त्याच्या खालच्याकडे.

"माझ्या चिंध्या कुठे गेल्या?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मी सगळं सांगितलं. आवरायला घेतल्यापासून ते भंगारवाल्यापर्यंत, काही गाळलं नाही. सांगता सांगता माझा आवाज फुटला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. धीर द्यायला नव्हे; माझा हात बाजूला सारून त्यांना मागचं काहीतरी बघायचं होतं.

"गाठी आहेत की."

"गाठी राहिल्यात. चिंध्या गेल्या. काळं नुसतं टोक आहे, त्याच्यावरून काय कळणार?"

"एक कीबोर्ड दे. आणि केसातली पिन दे."

त्यांनी चष्मा चढवला. वायरीला चिकटलेली वाटाण्याएवढी काळी गाठ, पिनचं टोक तिच्यात घातलं आणि हळूहळू हलवायला लागल्या. मी सोमवारी दातांनीसुद्धा ओढून पाहिली होती. त्यांना तीन मिनिटं लागली. गाठ उघडली, आणि आत बोटभर कापड निघालं, स्वच्छ, निळं, त्यावर पांढरी चौकट. कालच दुकानातून आणल्यासारखं.

"गाठीच्या आत मळ जात नाही," सासूबाई म्हणाल्या. "शर्टाची बाही उसवून बघ कधी, शिवणीच्या आत मूळचा रंग असतो. लाँड्रीत खूण बांधायची ती अशीच. वरचं कितीही धुऊन जाऊ दे, पाण्यातून, इस्त्रीतून काढ, आतलं राहतं. याने ही मशीनं आणली तेव्हाच मी म्हटलं, हा जोड्या फोडणार. म्हणून बांधून ठेवल्या. मोजे असोत नाहीतर मशीनं, जोडी फुटली की गिऱ्हाईक दारात येऊन भांडतं."

"मी नाही फोडल्या," हे खिडकीपाशीच उभे राहून म्हणाले.

"तू नाही, तुझ्या बायकोने. एकच झालं."

मग आम्ही तिघे बसलो. सासूबाई पडल्या पडल्या कीबोर्डच्या गाठी सोडवत होत्या. मी आणि हे जमिनीवर बसून सीपीयूच्या. निळी चौकट पाच नंबरशी जुळली. पिवळी फुलं नऊशी. हिरवा रेघांचा पट्टा हा माझ्या सासऱ्यांचा पायजमा होता, असं कळलं. एक जांभळी होती ती बघून सासूबाई थांबल्या, "ही गिऱ्हाइकाची, परत न्यायला कधी आलीच नाही," म्हणाल्या आणि पुढची गाठ घेतली. माझी नखं दोन ठिकाणी मोडली. चार वाजेपर्यंत अकराच्या अकरा जोड्या लागल्या होत्या.

मी स्वतः लंबूला फोन केला. सहा वाजता तिघे हजर झाले, या वेळी बाहेर टेम्पो उभा करून.

डॉक्टरांनी तीन नंबर मुकाट्याने घेतला. सासूबाईंशी वाद घालायला धीर लागतो, आणि त्या पलंगावर पडलेल्या असताना तर आणखीच लागतो. फोनमधल्या आठांचंही पटकन झालं. मग गणिताच्या बाईची पाळी आली, चार नंबर. त्या मशीनला लाल ठिपक्यांची गाठ होती. लाल ठिपक्यांचा कीबोर्ड मी उचलून दिला. त्याच्या एंटरला कोपरा नव्हता.

फोनमधले आठही चौकोन पुढे वाकले.

"हे कसं शक्य आहे?" लंबू म्हणाला. "मी सातवर बसायचो. मूठ मी मारली."

"मूठ मी मारली होती," गणिताची बाई म्हणाली. अगदी शांतपणे, फळ्यावरचं उत्तर वाचावं तसं. "तू शेजारच्या रांगेतून बघत होतास. नंतर सगळ्यांना सांगत सुटलास. मी म्हटलं, सांगू दे. मुलीने मशीनवर मूठ मारली म्हणून घरी कळलं असतं तर क्लास बंद झाला असता माझा."

"पण मला आठवतंय," तो म्हणाला. "हाताला लागलं होतं."

सासूबाई मध्ये पडल्या. "लाँड्रीत रोजचं आहे हे. दुसऱ्याचा शर्ट अंगाला नीट बसला की माणसाला तो आपलाच वाटतो. शपथ घ्यायला तयार असतात. आणि खोटं बोलत नसतात बरं का."

मी सातचा कीबोर्ड त्याच्यापुढे धरला. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर. जणू त्या मशीनवर बसलेल्या पोराने सगळी वर्षं नियमाने, हळुवार बोटांनी टाइप केलं असावं.

त्याने तो घेतला नाही. "राहू दे," म्हणाला. "दहा न्या तुम्ही. मी बघतो." आणि टेम्पोत माल चढवायला निघून गेला. दहा मॉनिटर त्याने एकट्याने वाहिले, कुणाला हात लावू दिला नाही.

दहा गेले. एक राहिला. आठवडाभर त्या खोलीच्या मागे लागून, नवऱ्याशी अबोला धरून, भंगारवाल्याकडून नकार ऐकून, तरी एक राहिलाच. पलंगाच्या पायाशी, नेमका जिथून मला सासूबाईंना उठवून बाथरूमकडे न्यायचं होतं तिथे. शनिवारी दोनदा माझ्या गुडघ्याला लागला. हे म्हणाले, वर नेऊन ठेवू. मी म्हटलं, वर एक मशीनही चढणार नाही. ते म्हणाले, मग मी काय करू. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा, माझी झोपायची वेळ आहे.

रविवारी सकाळी मी नेम घेतला, आज खोटं बोलायचं नाही. सोपा वाटला, कारण दिवस घरातच जाणार होता.

दुपारी फोन वाजला. लंबू होता.

"ताई, सात नंबर आहे ना अजून?"

"आहे."

"नीट ठेवलाय ना? काही नाही, सहज विचारलं. त्याच्या वर काही ठेवू नका हं. मॉनिटरच्या वरच्या जाळीतून हवा लागते त्याला."

मी सात नंबरकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर सासूबाईंच्या गोळ्यांची पाकिटं होती, खोकल्याचं औषध होतं, पाण्याचा ग्लास होता आणि एक अर्धवट सोललेलं संत्रं होतं. सीपीयूवर घडी केलेली चादर होती. कीबोर्ड सासूबाईंच्या गुडघ्याखाली उशीच्या आधाराला घातला होता, कारण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या उंचीला तो अगदी बरोबर बसत होता.

हो म्हणायला एक क्षणही लागला नसता.

"ठेवलंय," मी म्हटलं.

"काय?"

"औषधं. पाण्याचा ग्लास. संत्रं. आणि कीबोर्ड गुडघ्याखाली आहे."

"कुणाच्या?"

"सासूबाईंच्या."

मंगळवारच्या त्या आवाजवाल्यासारखाच हाही आता नाक ओढतो की काय, असं वाटलं.

"काढा," तो म्हणाला. "आत्ता काढा. संत्र्याचा रस आत गेला तर? मी येतोय."

वीस मिनिटांत आला, पायात घरातल्याच सपाता. वाकून आत शिरला, सासूबाईंना नमस्कार केला आणि स्वतःच्या हाताने एकेक पाकीट उचलून खिडकीत ठेवलं. ग्लासाच्या बुडाचं ओलं वर्तुळ सदऱ्याच्या बाहीने पुसलं. कीबोर्ड काढायची वेळ आली तेव्हा मी गुडघ्याखाली हात घातला आणि त्याने अलगद ओढून घेतला, झोपलेल्या पोराच्या अंगाखालून चादर काढावी तसा. त्याच्या वायरीला गाठीतून निघालेली तपकिरी चिंधी मी पुन्हा बांधली होती. ती त्याने दोन बोटांत धरून पाहिली.

"ही सोडू का?" मी विचारलं.

"असू दे," तो म्हणाला.

तीन फेऱ्यांत सगळं गाडीत गेलं. खोली मोकळी झाली. पलंगाच्या चारही बाजूंनी फिरता येत होतं. मी मुद्दाम एकदा फिरून पाहिलं.

सासूबाई खिडकीकडे बघत होत्या, तिथे त्यांचा हात पोचत नव्हता.

"आणि आता माझी औषधं कुठे ठेवायची?" त्या म्हणाल्या. "बरं होतं ते, हाताशी."